परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पासाठी अनुदान कसे शोधावे

घरांच्या प्रकल्पासाठी निधी शोधायला निघालेली संस्था बहुधा पहिला प्रश्न विचारते, "इमारतीला पैसे कोण देईल?" माझे आग्रहाचे सांगणे आहे की सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. इमारत उभी राहिल्यावर तिथे राहणाऱ्या माणसांना सांभाळण्याचा खर्च कोण उचलणार, हे आधी ठरवा. रस्त्यावरून घरात आलेली व्यक्ती, मानसिक आजारातून सावरणारी व्यक्ती, कोणाचाच आधार नसलेले वृद्ध यांना किल्ली देऊन भागत नाही. समाजसेवकाचा पगार थांबला की काही महिन्यांत घरे पुन्हा रिकामी होऊ लागतात.

१. खर्चाचे तीन भाग करा

पहिला भाग भांडवली खर्चाचा: जमीन, बांधकाम किंवा जुन्या इमारतीची डागडुजी. दुसरा चालू खर्चाचा: वीज, पाणी, दुरुस्ती, पहारेकरी आणि रहिवाशांना परवडणारे भाडे व प्रत्यक्ष खर्च यांतली तूट. तिसरा सेवांचा: समुपदेशन, औषधोपचाराचा पाठपुरावा, कागदपत्रे मिळवून देणे, कामधंद्यासाठी मदत.

या तिन्ही भागांना पैसे देणारे सहसा वेगवेगळे असतात. बांधकामाचा निधी गृहनिर्माण खात्याकडून येतो, सेवांचा अनेकदा आरोग्य किंवा समाजकल्याण खात्याकडून. बांधकामाला एकदाच पैसे लागतात, सेवांना दर महिन्याला. शिवाय इमारतीवर नावाची पाटी लागते, पगारावर लागत नाही, म्हणून तिसऱ्या भागाला देणगीदार मिळणे सर्वांत अवघड. त्याचा शोध सर्वांत आधी सुरू करा आणि निदान पहिल्या तीन वर्षांची सोय डोळ्यांसमोर ठेवा.

२. घरे कोणासाठी, हे नेमके लिहा

"गरजूंसाठी" एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. जवळपास प्रत्येक योजनेला उत्पन्न, वय, अपंगत्व किंवा बेघरपणाची अट असते. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे 'सेक्शन २०२' ही योजना ६२ किंवा त्याहून अधिक वयाच्या, अत्यल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी आहे आणि 'सेक्शन ८११' अपंग प्रौढांसाठी. कोणाला घर देणार हे ठरले की कोणते दार ठोठवायचे तेही बरेचसे ठरते. मात्र निधी मिळावा म्हणून ज्यांच्यासाठी काम सुरू केले त्यांनाच बाजूला सारू नका.

३. शोध कुठे घ्यावा

केंद्रीय आणि प्रांतिक योजना तर पाहाच, पण स्थानिक पालिकेकडे लवकर जा. नाममात्र भाड्याने जमीन, शुल्कमाफी, पडून असलेली इमारत हेही अनुदानच समजा. आराखड्यात त्याची किंमत मांडता येते, आणि पालिका सोबत आहे म्हटल्यावर इतरांचा विश्वास वाढतो.

त्यानंतर खासगी फाउंडेशन, धर्मादाय न्यास, बँका आणि कंपन्या. त्यांच्या संकेतस्थळावरच्या ध्येयवाक्यांपेक्षा वार्षिक अहवाल वाचा. गेल्या काही वर्षांत कोणाला, किती आणि कशासाठी दिले, हे तिथे दिसते. त्यांच्या नेहमीच्या रकमेच्या दहापट मागणी केलीत तर अर्ज बाजूलाच पडेल. सर्वांत उपयोगी वाट मात्र साधी आहे: तुमच्यासारखा पूर्ण झालेला एखादा प्रकल्प शोधा, त्याच्या देणगीदारांची यादी पाहा आणि तो चालवणाऱ्यांना भेटा. असे लोक बहुतेक वेळा मोकळेपणाने सांगतात.

प्रत्येक मदत अनुदान नसते, हेही तपासा. अमेरिकेत १९८६ पासून परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना मोठा आधार करसवलतीचा आहे. तिथे गुंतवणूकदार पैसे घालतो आणि त्या बदल्यात कर वाचवतो. सवलतीचे कर्ज, कर्जहमी आणि अनुदान यांचे रकाने वेगळे ठेवा.

४. अटी आधी, अर्ज नंतर

काही योजनांत आधी खर्च करून मग परतफेड मिळते. हातात खेळते भांडवल नसलेली छोटी संस्था इथेच अडकते. काही ठिकाणी स्वतःचा हिस्सा लागतो. अमेरिकेच्या बेघरांसाठीच्या 'कंटिन्यूअम ऑफ केअर' योजनेत जागेच्या भाडेपट्ट्याची रक्कम सोडून उरलेल्या अनुदानावर २५ टक्के हिस्सा रोख किंवा वस्तू-सेवांच्या रूपात दाखवावा लागतो. कार्यालयीन खर्चाला मर्यादा आहे का आणि घरे किती वर्षे स्वस्तच ठेवण्याचे बंधन आहे, हेही विचारा.

नोंदणीचे दाखले, लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांचा ठराव आणि जमिनीचे कागद एका ठिकाणी तयार ठेवा. त्याविना शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

५. प्रस्तावात पुरावा द्या

आधी घर, उपचारांची अट नाही, ही 'हाउसिंग फर्स्ट' पद्धत १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'पाथवेज टू हाउसिंग' संस्थेने सुरू केली. कॅनडाने २००९ ते २०१३ दरम्यान पाच शहरांत सुमारे २,००० लोकांसह तिची मोठी चाचणी घेतली. नेहमीच्या मदतीपेक्षा या पद्धतीत माणसे घरात अधिक टिकली. फिनलंडने २००८ पासून ती राष्ट्रीय धोरणात आणली. पद्धत चालते, हे दाखवायला असे दाखले पुरेत. गरज दाखवायला मात्र तुमच्याच भागातली आकडेवारी हवी: प्रतीक्षायादी, निवाऱ्यातली गर्दी, भाडे आणि मजुरी यांतले अंतर. मजकुरात दोन समाजसेवक आणि अंदाजपत्रकात एकाचाच पगार असेल, तर परीक्षकाला ते लगेच दिसते.

अर्जापूर्वी योजनेच्या अधिकाऱ्याशी बोलून घ्या. नकार आला तर गुण आणि शेरे मागा. अनेक सरकारी योजनांत ते मिळतात आणि पुढच्या फेरीत कामी येतात.

६. मंजुरी मिळाल्यावर

पहिला हप्ता येण्यापूर्वीच नोंदी ठेवण्याची पद्धत बसवा: किती जण राहायला आले, वर्षभराने किती टिकले, कोणती सेवा कोणी घेतली. पुढच्या वर्षीच्या सेवा-निधीची मागणी याच नोंदींवर उभी राहते. माहिती घेताना रहिवाशांची लेखी संमती घ्या. ती नाकारणाऱ्याचे घर किंवा सेवा थांबणार नाही, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगा.