परीया कॅनियन एकट्याने कसे चालावे

अमेरिकेच्या युटा राज्याच्या दक्षिण सीमेजवळ व्हाइट हाउस या ठिकाणी सुरू होऊन ॲरिझोनातील लीज फेरीला, कोलोरॅडो नदीच्या काठी संपणारी परीया कॅनियनची वाट सुमारे 38 मैलांची, म्हणजे 61 किलोमीटरची आहे. वाट म्हणायची ती नदीच. उभ्या वालुकाश्माच्या कड्यांमधून, शेकडो वेळा पात्र ओलांडत खाली उतरायचे. चार दिवस आणि तीन मुक्काम हा तिचा रास्त हिशेब. फिनिक्स किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आणि सह्याद्रीत पाय घडलेल्या मराठी मंडळींना ती सोपी वाटते, कारण तिच्यात चढ नाही. चढ नाही हे खरे, पण घोट्याशी वाहणारे पाणी जसेच्या तसे पिता येत नाही, आणि एकटे असताना ती अडचण सोडवायला दुसरे हात नसतात.

मुक्कामाचा परवाना आगाऊ काढावा. तो दिवसाला 20 जणांनाच मिळतो. शेकोटीला बंदी आहे आणि विष्ठा पिशवीत भरून बाहेर न्यावी लागते. स्वतःची गाडी लीज फेरीला लावून व्हाइट हाउसपर्यंत सोडणारे वाहन पेज किंवा कनॅब या गावांतून ठरवावे. ते ठरवताना हे ध्यानात असू द्यावे की उन्हाळी हंगामात युटाची घड्याळे ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतात.

महिने निवडायचे तर एप्रिल ते जूनचा आरंभ, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथला पावसाळा असतो आणि त्या काळात एकट्याने या घळीत उतरू नये, असे माझे ठाम मत आहे. साधारण चौथ्या मैलापासून नवव्या मैलापर्यंत कडे इतके जवळ येतात की लोंढा आल्यास चढून बसायला जागा मिळेलच असे नाही. आपल्या डोक्यावरचे आकाश निरभ्र असणे याला काहीही अर्थ नाही. या नदीचा उगम ब्राइस कॅनियनच्या परिसरात आहे आणि तिथे कोसळलेली सर काही तासांनी तुमच्यापर्यंत पोहोचते. पेजजवळच्या अँटिलोप कॅनियनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी 11 पर्यटक वाहून गेले, तेव्हाही पाऊस त्यांच्यावर नव्हे, वरच्या अंगाला झाला होता. वसंत ऋतूही निर्धोक नसतो: मार्च 2023 मध्ये परीयाला मिळणाऱ्या बकस्किन गल्च या अरुंद घळीच्या बाजूला पुराने दोघांचा बळी घेतला. म्हणून हवामान खात्याचा दक्षिण युटासाठीचा अचानक-पुराचा अंदाज निघण्याच्या सकाळी वाचावा आणि ‘शक्यता आहे’ एवढे जरी लिहिलेले दिसले, तरी परवान्याच्या पैशांवर पाणी सोडून परतावे. वरून खालीच चालावे, म्हणजे अंदाज ताजा असतानाच अरुंद भाग मागे पडतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र सोबत घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. अरुंद भागात आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते आणि निरोप तासन्‌तास अडकून पडतो. घरी एका जबाबदार माणसाजवळ मुक्कामांची यादी, गाडीचा क्रमांक आणि अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर युटातील केन काउंटी व ॲरिझोनातील कोकोनिनो काउंटी यांच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, फोन करावा, अशी लेखी सूचना ठेवावी. ती वेळ कोणत्या राज्याच्या घड्याळाप्रमाणे, हेही लिहावे. ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक एप्रिल 2003 मध्ये युटातीलच ब्लूजॉन कॅनियनमध्ये दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडून राहिला, कारण तो कुठे गेला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पायांत जाळीचे, पाणी झटकन निथळणारे बूट घालावेत. जलरोधक बूट एकदा आतून भिजले की वाळत नाहीत. रुतणारी वाळू बहुधा गुडघ्यापर्यंतच ओढते. सॅकचा कमरपट्टा सैल करून, मागे रेलून, पाय हलवत हळूहळू सोडवावा.

आता पाणी. मला हा टप्पा जमायला सर्वांत जास्त काळ लागला आणि याच टप्प्याबद्दल सर्वांत वाईट सल्ले ऐकायला मिळतात.

भरवशाचे झरे आहेत, पण ते मधल्या भागात. पहिला सुमारे 11 व्या मैलाजवळ, बिग स्प्रिंग 12 व्या मैलाजवळ, शॉवर स्प्रिंग 22 व्या आणि शेवटचा 25 व्या मैलाच्या आसपास. म्हणजे पहिला दिवस घरून आणलेल्या पाण्यावर काढायचा, आणि त्यासाठी सहा लिटरपेक्षा कमी घेऊन निघू नये. बकस्किनच्या संगमाजवळ मुक्काम ठरला असेल, पुराने झऱ्याचे तोंड गाळाने बुजले असेल किंवा पाय मुरगळून दोन झऱ्यांच्या मध्येच थांबावे लागले, तर नदीचेच पाणी प्यावे लागते.

‘नदी आहे, फिल्टर आहे, मग काळजी कसली’ असे सांगणाऱ्याने परीयाचे पाणी पाहिलेले नसते. वरच्या अंगाच्या मऊ, मातकट खडकातून ही नदी इतकी बारीक चिकणमाती आणते की पिळून गाळायचा फिल्टर एखाद्या लिटरमध्येच तुंबतो. फडक्यात काड्या तेवढ्या अडतात. उकळल्याने जंतू मरतात, पण चिखल चिखलच राहतो आणि इंधन संपते. अतिनील प्रकाशाचा दिवा गढूळ पाण्यात निरुपयोगी, कारण प्रकाश आत पोहोचतच नाही. निवडुंग कापून पाणी काढण्याचा सल्ला तर धोक्याचा आहे. त्या रसाने मळमळ होऊन अंगातले पाणी आणखी कमी होते.

उपाय आपल्या घरातलाच आहे: तुरटी. वाळू दहा मिनिटांत तळाशी बसते, पण मातीचे सूक्ष्म कण सारख्याच विद्युतभाराचे असल्याने एकमेकांना दूर ढकलत रात्रभर तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम तो भार मारते आणि कण एकमेकांना चिकटून जड होतात. तुरटीचा खडा पाण्यात किती फिरवला याचा अंदाज दमलेल्या माणसाला येत नाही, म्हणून घरीच तिची पूड करून छोट्या डबीत न्यावी. अमेरिकी दुकानांत ती मसाल्यांच्या फळीवर तयार मिळते.

मुक्कामाला पोहोचल्यावर, तंबूच्याही आधी, पाच लिटरची घडीची बादली काठाच्या संथ पाण्यातून, तळ न ढवळता भरावी. दहा मिनिटे वाळू बसू द्यावी आणि वरचे पाणी दुसऱ्या पिशवीत ओतावे. पाच लिटरला पाव चहाचा चमचा तुरटी घालून मिनिटभर जोराने आणि मग पाच मिनिटे अगदी सावकाश ढवळावे. हे सावकाश ढवळणे कोणी सांगत नाही, आणि सगळे काम त्यातच होते. जोर लावला तर जमलेले पुंजके फुटतात. पाणी नासलेल्या दुधासारखे फुटलेले दिसू लागले की थांबावे, पिशवी दोन दगडांच्या मध्ये घट्ट बसवावी आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नये. त्यानंतर पिशवी कलती न करता वरचे नितळ पाणी पेल्याने काढून घ्यावे. चव तुरट लागली तर पुढच्या खेपेला पूड कमी करावी.

तुरटीने जंतू मरत नाहीत. वरच्या अंगाला शेती आणि गुरे आहेत, त्यामुळे निवळलेले पाणी फिल्टरमधून गाळावे आणि मग क्लोरिन डायऑक्साइडची गोळी टाकून चार तास थांबावे. सकाळचे पाणी संध्याकाळीच तयार करायचे, ते यासाठी. रोज थोड्या स्वच्छ पाण्याने फिल्टर उलटा धुवावा, आणि रात्री गारठा असेल तर तो झोपायच्या पिशवीत घ्यावा. गोठलेला फिल्टर आतून फुटतो आणि बाहेरून कळत नाही. एकट्याने जाणाऱ्याजवळ सगळ्या दिवसांना पुरतील इतक्या गोळ्या असल्याच पाहिजेत, कारण फिल्टर निकामी झाला तर उसना मागायला कोणी नसते.

पाणी राखून ठेवण्यासाठी तहान मारू नये. तहान लागली की प्यावे, आणि त्याबरोबर मीठ पोटात जाईल असे पाहावे. नुसते पाणी ढोसल्यानेही माणूस आजारी पडतो. खारे दाणे, चिवडा आणि लिंबू-मीठ-साखरेची पूड यावर माझे काम भागते.

शेवटच्या झऱ्यावर पुन्हा सहा लिटर भरावेत. तिथून लीज फेरी साधारण 13 मैल राहते, कॅनियन रुंद होते, सावली संपते आणि वाट काठावरच्या उघड्या दगडांवरून जाते. मुक्काम झऱ्याजवळच करून उजाडायच्या आत निघावे आणि दुपारच्या आत गाडी गाठावी. फोनची वाट न पाहता ‘पोहोचलो’ हा निरोप उपग्रहाच्या यंत्रावरूनच पाठवावा, आणि तो गेल्याची खूण दिसल्यावरच गाडी सुरू करावी, नाहीतर ठरलेली वेळ टळून शेरीफची माणसे तुम्हाला शोधायला निघतील.