प्रतिकारशक्ती कमी असताना डोळ्यांसमोर ठिपके दिसू लागले तर या चुका टाळा

ज्या एचआयव्हीबाधितांच्या सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) एका घनमिलिमीटर रक्तात ५० पेक्षाही कमी उरल्या आहेत, किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणामुळे वा रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांच्या दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, या विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतोच. प्रतिकारशक्ती ढासळली की तो डोके वर काढतो आणि दृष्टिपटल नष्ट करत पुढे सरकतो. नष्ट झालेला भाग परत मिळत नाही. उपचारांनी वाचतो तो उरलेला भाग.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोळा दुखण्याची किंवा लाल होण्याची वाट पाहणे. या आजारात डोळा बाहेरून बहुधा स्वच्छ दिसतो आणि दुखतही नाही. काळे ठिपके तरंगणे, चमक दिसणे, नजरेच्या एका कोपऱ्यात सावली येणे, एवढीच लक्षणे असतात आणि कधी कधी तीही नसतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सारे उष्णतेवर ढकलून डोळ्यांत गुलाबपाणी घालणे फार सोपे असते. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून नेतो. यंत्रमागावर बसणाऱ्याला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला दोन्ही डोळे उघडे ठेवून काम नीट जमते, म्हणून बिघाड लक्षातच येत नाही. त्यासाठी रोज एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील एका तारखेकडे पाहावे आणि आजूबाजूचे आकडे पुसट किंवा गायब दिसतात का, हे दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने तपासावे.

मेडिकलमधून परस्पर थेंब आणणे ही दुसरी चूक. संसर्ग डोळ्याच्या मागच्या पडद्यावर असल्याने साधे थेंब तिथे उपयोगी पडत नाहीत आणि दिवस मात्र वाया जातात. चष्म्याचा नंबर बदलूनही काही साधत नाही. थेंब घालून बाहुली मोठी करून संपूर्ण दृष्टिपटल पाहणे, हीच खरी तपासणी. सांगोला किंवा अक्कलकोटहून आलेली माणसे परतीची एसटी गाठायची म्हणून हे थेंब नाकारतात, त्यांची अडचण खरी आहे. पण काही तास अंधूक दिसण्यापलीकडे सहसा त्याचा त्रास नसतो. सोबत कोणाला तरी आणावे आणि त्या दिवशी दुचाकी चालवू नये.

नेत्रतज्ज्ञांपासून एचआयव्ही लपवणे ही चूक भीतीपोटी होते. परंतु क्षय, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि सिफिलिस यांमुळेही दृष्टिपटलावर डाग पडतात, आणि मूळ आजार ठाऊक नसताना केवळ सूज समजून स्टेरॉइड दिले गेले तर संसर्ग आणखी भडकू शकतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे, त्यामुळे एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्राचे पुस्तक आणि सीडी-४ चा ताजा अहवाल निःसंकोच दाखवावा.

गोळ्या मध्येच सोडण्याच्या चुकीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सीएमव्हीवरील व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही गोळी सामान्यतः सुरुवातीला ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन ते तीन आठवडे, आणि त्यानंतर दिवसातून एकदा अशी देतात. मूत्रपिंडाच्या कार्यानुसार हे प्रमाण डॉक्टर बदलतात. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, ती फोडू किंवा कुटू नये. तिच्यामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवणे धोक्याचे ठरते. डोळ्यात इंजेक्शन दिले तर त्या डोळ्याला लाभ होतो, पण दुसऱ्या डोळ्याच्या रक्षणासाठी बहुधा गोळ्याही लागतात. नजर सुधारली तरी औषध सुरूच ठेवावे लागते. सीडी-४ पेशी १०० च्या वर जाऊन किमान तीन ते सहा महिने तिथेच टिकल्या, की मगच ते थांबवण्याचा विचार डॉक्टर करतात.

एआरटी सुरू होऊन पेशी वाढत असतानाच कधी कधी नजर पुन्हा धूसर होते. ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून रुग्ण एआरटीच बंद करतात. प्रत्यक्षात सावरणारी प्रतिकारशक्ती डोळ्यात सूज निर्माण करत असते, आणि त्या सुजेवर वेगळे उपचार आहेत. एआरटी स्वतःहून कधीही थांबवू नये.

अचानक ठिपक्यांचा पाऊस दिसला, किंवा बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर विरळ झालेले दृष्टिपटल सुटले असण्याची शक्यता असते. अशा वेळी ठरलेल्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचावे.