युद्धविरोधी मोर्चा काढताय? या चुका टाळा

१५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध जगभर मोर्चे निघाले, एकट्या लंडनमध्ये पोलिसांच्याच हिशोबाने साडेसात लाख माणसं, आयोजक तर त्याहून कितीतरी जास्त सांगतात, आणि तरी २० मार्चला युद्ध सुरू झालंच. पब्लिक कमी पडलं असं कोण म्हणेल?

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोकी मोजत बसणं आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कुणालाच माहीत नसणं. ब्रिटनच्या संसदेत युद्धावर मतदान झालं १८ मार्चला, म्हणजे मोर्चानंतर महिनाभराने, तोवर लोक आपापल्या घरी. उलट तुर्कस्तान बघा, १ मार्चला संसदेत अमेरिकी सैन्याला वाट द्यायचा ठराव यायचा आणि त्याच दिवशी अंकारात हजारो लोक रस्त्यावर, आत बाजूने २६४, विरोधात २५०, पण १९ तटस्थ राहिले म्हणून हजर सदस्यांचं बहुमत भरलं नाही आणि अमेरिकी सैन्याला तिथून इराकमध्ये शिरताच आलं नाही. सगळं क्रेडिट मोर्चाला देऊ नका, पण तारीख निर्णयाची धरा.

परवानगी नाकारणार हे गृहीतच धरा. लंडनला सभेसाठी हाइड पार्क आधी नाकारताना गवत खराब होईल हे कारण पुढे केलं होतं (खरंच!). न्यूयॉर्कमध्ये कोर्टानेही मोर्चाला नाही म्हटलं, फक्त एका जागी सभा, आणि बॅरिकेडमुळे हजारो लोक तिथवर पोचलेच नाहीत. अडकलेल्यांनी कुठे जमायचं, तिथे स्पीकर कोण आणणार, हे आदल्या दिवशीच ठरवून टाका.

युद्धामागे कंपन्यांचा धंदा आहे म्हणायचं तर नुसतं 'कंपनीराज मुर्दाबाद' ओरडून काही होत नाही, कागद दाखवा. सप्टेंबर २००३ मध्ये इराकचा अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर याच्या ऑर्डर ३९ ने तेल वगैरे सोडून इराकी धंद्यांत १०० टक्के परकी मालकी चालेल असं केलं, युद्ध आणि धंदा एकाच कागदावर. जानेवारी २००४ ला आपल्या गोरेगावात वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळावा, भरला तिथे हे दोन्ही विषय सोबतच होते, पण हायवेपलीकडे त्या मेळाव्यावर टीका करणाऱ्या डाव्या गटांच्या 'मुंबई रेझिस्टन्स'चा वेगळा मांडव होताच, आपल्याकडे तेवढं चालायचंच.

युनियनकडे फक्त बसभर माणसं मागू नका, तुमच्या हातून काय थांबू शकतं ते विचारा. जानेवारी २००३ मध्ये स्कॉटलंडच्या मदरवेलला दोन रेल्वे ड्रायव्हरनी दारूगोळ्याची मालगाडी न्यायला सरळ नकार दिला होता.