मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देण्यापूर्वी

गोव्यात बारावीच्या वर्गात गेलेल्या मुलाला स्कूटर हवीच असते. तथापि 16 व्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळणारा परवाना केवळ 50 सीसीपर्यंतच्या गिअरविरहित दुचाकीपुरता असतो आणि नेहमीच्या 110 सीसी स्कूटरसाठी 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

शिकाऊ परवाना 6 महिने वैध असतो व पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. हा अवधी केवळ चाचणीतला आठचा आकडा गिरवण्यात घालवू नये. आधी मोकळ्या मैदानावर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबण्याचा सराव करून घ्यावा. नंतर गावातील अरुंद, वळणांच्या रस्त्यांवर, जिथे कुंपणाआडून गुरे किंवा पर्यटकांची भाड्याची गाडी अचानक समोर येते, तिथे वेग आधीच कमी करण्याची सवय लावावी. पहिल्या पावसात तेलकट झालेला रस्ता फार निसरडा असतो, म्हणून पावसाळ्यातील सराव अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच व्हावा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला असावा, आरशाला अडकवलेले हेल्मेट निरुपयोगीच.