उन्हाळ्याआधी परसबाग किती ठेवायची?

शिमगा झाला की खान्देशात ऊन चटके देऊ लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. थंडीत मेथी, पालक, वांगी, टोमॅटोने भरलेली परसबाग याच दिवसांत माना टाकते आणि आपण रोज संध्याकाळी दोन बादल्या जास्त ओतत राहतो. बाग कमी करायची की नाही, हे आत्ता मार्चमध्येच ठरवा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मे उजाडल्यावर काय वाचवायचं हे आपल्या हातात राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी आठही वाफे चालू ठेवले होते. पाणी सगळ्यांना थोडं थोडं दिलं. एप्रिलअखेर टोमॅटोला फुलं भरपूर, फळ एकही नाही. दोडक्याचा वेल करपला. त्याहून वाईट म्हणजे दारचा जुना कढीपत्ता अर्धा वाळला. त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून आधी बादलीचा हिशेब करा. १ चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या भाजीला रोज ६ ते ८ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफ्याला साधारण २० लिटर. आठ वाफ्यांना १६० लिटर, तेही रोज. पिण्याचं, वापराचं, गुरांचं पाणी बाजूला काढून बागेसाठी ६० लिटर उरत असेल तर तुमची बाग तीन वाफ्यांची. बोअर असेल तर मागच्या मे महिन्यात ती किती वेळ चालली होती ते आठवा. आजच्या धारेवर भरवसा ठेवू नका.

धुण्याचं साबणी पाणी वाफ्यात सोडू नका. त्यातल्या सोडियमने आपली काळी माती आणखी चिकट आणि कडक होते. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी मात्र खुशाल वापरा.

आता काय काढायचं? टोमॅटो आधी. दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की परागीभवन नीट होत नाही, फुलं गळतात. कितीही पाणी दिलं तरी उपयोग नाही. मेथी-पालक फुलावर आले असतील तर तेही काढा. भरिताच्या वांग्याची जुनी झाडं उपटायला जीव होत नाही, मला कळतं. पण पानामागे बारीक जाळं दिसत असेल तर तो लाल कोळी आहे, आणि उन्हाळाभर तो तिथूनच शेजारच्या झाडांवर पसरेल. बियांसाठी एक-दोन निरोगी फळं झाडावरच पिवळी होऊ द्या, मग झाड काढा. कपाशीच्या शेताला लागून बाग असेल तर उन्हाळी भेंडीही नको. शेंदरी बोंडअळीला ती आयता आसरा देते.

ठेवायचं ते असं. शेवगा, लिंबू, कढीपत्ता यांचा पाण्यावर पहिला हक्क. त्यानंतर गवार आणि चवळी. गिलक्याचे एक-दोन वेल. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिनाभर आधी पेरलेला पोकळ्याचा एक वाफा, म्हणजे लेकी माहेरी आल्या की ताटात घरची पालेभाजी असेल. या वाफ्यांवर उसाचं पाचट किंवा वाळलेल्या पानांचा चार बोटं जाड थर द्या. पाणी सूर्य उगवण्याआधी, बुडाशी. पश्चिमेच्या बाजूने ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा. नसेल तर जुनं लुगडंही चालतं.

वाफे कमी करताना घरातल्या माणसांकडेही बघा. मुलं पुण्या-सुरतेला, घरात दोघंच, त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात आणि निम्मी भाजी शेजारी वाटली जाते, असं असेल तर पाणी मुबलक असूनही बाग लहान करा. पंधरा दिवस रोज किती भाजी चुलीवर चढली आणि किती वाया गेली, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. आकडा आपोआप दिसेल.

मोकळ्या वाफ्यांना मात्र कामाला लावा. एप्रिलअखेर एकदा भरपूर पाणी देऊन माती ओली करा, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीने घट्ट दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आतल्या उष्णतेने तणाचं बी, सूत्रकृमी आणि मर रोगाच्या बुरशा बऱ्याच कमी होतात. आपल्या उन्हाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

मृगाच्या पावसावर त्याच वाफ्यांत हिरवळीच्या खतासाठी ताग फोका, म्हणजे बी विखरून पेरा. जुलैच्या सुरुवातीला भरिताच्या वांग्याचं बी रोपवाटिकेत टाका. ताग ४०-४५ दिवसांचा, फुलावर येण्याच्या बेतात असताना तिथेच गाडा, दोन आठवडे कुजू द्या आणि श्रावणात वांग्याची रोपं लावा. त्यातही आधी दोनच वाफे भरा. बाकीचे उघडायचे की नाही ते गुडघ्यांना विचारून ठरवा.