ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेज कसं तपासायचं (व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर वाल्यांसाठी)

कॉलेजला फोन करून "रॅम्प आहे का" असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं, "हो हो, आहे ना". रॅम्प असतो ऑफिससमोर आणि तुमचं लेक्चर दुसऱ्या मजल्यावर. विचारायचं असं की गेटपासून वर्ग, वर्गातून टॉयलेट, लायब्ररी, लॅब आणि परीक्षेचा हॉल, एवढं सगळं कोणी न उचलता मला एकट्याने करता येईल का.

आधी घरबसल्या एक काम करा. नॅक (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) झालेल्या कॉलेजचा एसएसआर, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल नॅकला दिलेला अहवाल, बहुतेक वेळा वेबसाइटवर सापडतो. त्यात सातव्या क्रायटेरियात दिव्यांगांच्या सोयी लिहिलेल्या असतात, कधी फोटोसकट. ते डाउनलोड करून ठेवा, उद्या भांडायची वेळ आली तर त्यांचंच लिखाण त्यांना दाखवता येतं.

मग प्रत्यक्ष जा, सुट्टीच्या दिवशी नाही तर कॉलेज चालू असताना, आणि खिशात मोजायची टेप ठेवा. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, 1:12, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी. जोतं 2 फुटाचं असेल तर 24 फूट रॅम्प हवा, आणि बऱ्याच ठिकाणी तो 8 फुटात उरकलेला असतो, ती घसरगुंडी आहे, रॅम्प नाही. कठडा दोन्ही बाजूंना आहे का बघा, वर गुळगुळीत टाइल्स असतील तर पावसाळ्यात काय होईल ते सांगायला नकोच. दरवाजा 900 मिमी, साधारण 3 फूट मोकळा हवा, उंबरा असला तर तोही मोजा. लिफ्टची चावी कोणाकडे असते आणि तो शिपाई जेवायला गेला की काय, हे विचाराच. टॉयलेट उघडून बघा हां, बोर्ड दिव्यांगांचा आणि आत झाडू, बादल्या, मोडकी बाकं, हे फार कॉमन आहे.

सगळं परफेक्ट कॉलेज मिळणं अवघडच, म्हणून ॲडमिशन झाल्या झाल्या प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या. तोंडी बोलणं विसरलं जातं, अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. अर्जात दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 16 लिहा, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थेने इमारत आणि परिसर सुगम करायचा आणि तुमच्या गरजेनुसार सोय द्यायची, असं त्यात आहे. पण मागणी नेमकी ठेवा. लिफ्ट बसवायला बजेट लागतं, वर्षं जातात, पण तुमच्या डिव्हिजनचं लेक्चर तळमजल्यावर आणायला फक्त टाइमटेबल बदलावं लागतं, त्यामुळे पहिली मागणी तीच करा आणि टाइमटेबल लागायच्या आधी करा. परीक्षेची बैठकही तळमजल्यावर, हे त्याच अर्जात टाका. यूडीआयडी कार्डची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा.

उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, मग समान संधी कक्ष असेल तर तिथे, आणि तरी ढिम्म असतील तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, ऑफिस पुण्यात आहे. तक्रारीसोबत शिक्केवाल्या झेरॉक्स, एसएसआरचं ते पान आणि टेप लावून काढलेले फोटो जोडा, नुसतं "सोय नाही" लिहिलं तर कॉलेज "सोय आहे" एवढंच लिहून मोकळं होतं.