पार्किंग लाइट लावले की पेट्रोल-टेंपरेचरचे काटे उडतात (प्रीमियर पद्मिनी)

रत्नागिरीत गाडी नव्याने रंगवून घेतली आणि हे सुरू झालं. दिवसा काटे ठीक. पार्किंग लाइट लावले की दोन्ही एकदम सरकायचे. टाकीतला फ्लोट बदलला, फ्यूज घासले. डोकं पिकलं.

दोन्ही काटे एकत्र हलतात म्हणजे संशय सामाईक अर्थिंगवर, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या वाटेवर. लाइट चालू ठेवून मीटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह मल्टिमीटर लावला: १.६ व्होल्ट. ०.१च्या आत हवा. अर्थच्या बोल्टाखाली नवा रंग आड येत होता.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. डॅशखालच्या बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला. मीटरमागच्या अर्थच्या स्टडपासून १.५ स्क्वेअर एमएमची काळी वायर तिथे आणली. पत्र्याला स्टार वॉशर (दातेरी चकती), त्यावर रिंग लग (वायरच्या टोकाची गोल कडी), मग नट आवळला. ग्रीस आवळल्यावरच, वरून. आपल्या खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा लगेच गंजतो. निगेटिव्ह जोडून पुन्हा मोजलं: ०.०४.